कोण गेलं गा भाऊ?

चामोर्शीच्या मोटर स्टँडवर टिनाची एक खोली होती, त्या खोलीले टिकिटाची खिडकी होती, अन् त्या खिडकीच्या मांगं भाऊ बसत. नवीन माणूस खिडकीशी येई, पैसे पुढं करे, वाकून आत पाहे, अन् त्याचा हात तसाच थांबे. कारण आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक केस नाई. मिशी नाई. भिवया नाई. पापण्यासुद्धा नाई! आपल्याकडं माणूस असा सफाचट दिसला का त्याचा एकच मतलब. येणारा आपला आवाज खाली करे अन् विचारे, "कोण गेलं गा भाऊ?"

अन् भाऊ सांगत. लगेच सांगत!

माह्या नोकरीचा पह्यलाच दिवस होता. मी वरोऱ्याचा, नुकता मॅट्रिक झालेला, त्या मोटर कंपनीत भाऊच्या हाताखाली लागलो होतो. टपावर काय चढलं, काय उतरलं, थे पाहाचं माह्याकडं. गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहून राह्यलेला एक बुढा खिडकीशी आला अन् त्यानं विचारलं. भाऊनं टिकीट फाडता फाडता सांगतलं, "मामा गेला. शिरोंच्याचा. प्राणहितेत डोंगा उलटला."

"अरारारा! पोहता नवतं येत का?"

"येत होतं न. पण खांद्यावर बकरी होती. बकरी सोडली नाई त्यानं."

बुढ्याच्या डोळ्यात पाणी. त्यानं खिडकीतून हात आत घातला, भाऊचा खांदा दाबला, स्वतःची बिडी पेटवून भाऊच्या हातात देल्ली अन् म्हणे, "बकरी गरिबाची असन रे, कशी सोडन."

मी दिवसभर त्याईच्याकडं पाहून राह्यलो. किती मोठ्या मनाचा माणूस, मामा मेला तरी कामावर आला! संध्याकाळी राहावलं नाई.

"भाऊ, तुमी आज काऊन आले? मामा गेले न तुमचे."

"कोणाचा मामा?"

"तुमचा. बकरीवाला."

"मले मामाच नाई बे," भाऊ म्हणाले. "माह्या मायले एकही भाऊ नवता. चाल, कुलूप लाव."

मंग मले कळलं का हे रोजचंच हाय. माह्यासमोर भाऊनं अख्खं खानदान मारलं. एक साडभाऊ वाघानं नेला, आलापल्लीच्या रस्त्यावर, बिडी पेटवाले बसला तवा. एक मावशी मोहफुलं वेचता वेचता झाडाखालीच निजली थे उठलीच नाई. एक चुलता तं नुसता हसता हसता गेला, मांडवात, जेवताना. हा चुलता मले सगळ्यात आवडे. गडचिरोलीच्या गाडीचा ड्रायव्हर त्याईचा पक्का गिऱ्हाईक. गाडी लावली का चहा घेऊन खिडकीच्या बाजूले उभा राहे अन् विचारे, "आज कोणाले मारलं भाऊ?" नवीन पाशिंजर फसला का तो बोनटवर हात आपटून हसे. पण पाशिंजर गाडीत चढल्यावर, त्याच्यासमोर नाई. एवढी शरम त्यालेही होती.

भाऊ स्वतः कधी हसत नसत. हे मले लय दिवसानं ध्यानात आलं.

भाऊच्या खिशात फणी राहे. हो, फणी! लाकडाची, बाजारात माडिया पोट्टे इकाले आणत तसली, बारीक नक्षीची. दर बाजाराले नवी घेत. एक फणी खिडकीले सुतळीनं बांधून ठेवली होती. लाल धुळीनं भरलेला माणूस गाडीतून उतरला का भाऊ आतून ओरडत, "ओ पाव्हणे, केस विंचरा. सासरवाडीले जाऊन राह्यले का जंगलातून पळून आले?" माणूस हसे, विंचरे, अन् भाऊ त्याच्याकडं असे पाहत, असे पाहत... फणी केसातून कशी चालते, कुठी अडकते. मले तं रोजच म्हणत, "तेल लाव बे डोक्याले. देवानं देल्लं हाय तं त्याले उपाशी काऊन ठेवतं?"

अन् आरसा चालत नसे. खोलीत आरसा नवता थे ठीक हाय, पण गाडी आली का भाऊ बाहेर निघत, ड्रायव्हरच्या बाजूनं जात अन् गाडीचा आरसा आभाळाकडं फिरवून देत. ड्रायव्हर शिव्या दे. "भाऊ, मांगचं कसं पाहू मी?" भाऊ म्हणत, "मांगचं पाहून कोणाचं भलं झालं?" अन् परत येऊन बसत.

राहाले मी त्याईच्याच घरी होतो, समोरच्या खोलीत. घरात भाऊ अन् त्याईची माय. बस्. बुढी लहानशी, वाकलेली, बोटं जाळे इणून इणून गाठी पडलेली. भाऊचे बाप वैनगंगेवर डोंगा चालवत, अन् ही बाजारात झिंगे, मरळ इके. माह्या ताटात मरळीचं डोकं वाढे अन् म्हणे, "खा रे बाप्पा, डोकं खाल्लं का डोकं चालते."

दर शनवारी सकाळी बुढी वसरीत बसे. भाऊ, एवढा मोठा माणूस, चाळिशीच्या घरातला, खाली तिच्या पायाशी बसत. बुढी मोहाच्या बियांचं तेल तळहातावर घे अन् त्या गुळगुळीत डोक्यावर चोळे. हळू. कपाळापासून मानेपर्यंत, कानामांगं, सारं. जसं काई तिथं घनदाट केस हायेत अन् मुळापर्यंत तेल गेलं पायजे. मंग थांबे, एका जागी बोट घासे अन् म्हणे, "इथी खरखर लागून राह्यलं रे आज."

"हो का?"

"हो न. येऊन राह्यले वाटते."

दर शनवारी! अन् भाऊ दर शनवारी "हो का" म्हणत.

पावसाळ्यात नाले भरले का गाड्या बंद होत. स्टँडवर आमी दोघंच, बाहेर चिखल अन् म्हशी. अशाच एका दिवशी भाऊनं आपणहून सांगतलं. बाप गेला तवा भाऊ सव्वीस-सत्तावीसचे. केस असे होते म्हणे का न्हावी दहाव्याले म्हणाला, दोन वस्तरे लागन. नदीवर बसले, केस देल्ले, मिशी देल्ली. रीतच हाय. दोन महिन्यात येते सगळ्याईचे. भाऊचे आले, पण चट्ट्या-चट्ट्यानं. चाई लागली म्हणे. कोणी गुंज उगाळून लावाले सांगतली, कोणी कांदा घासाले सांगतला. थोडे आले होते थेही गळले. मंग मिशी गेली. पोळा झाला तवा भिवया गेल्या.

"बापाच्या दहाव्याचा गोटा हाय बे हा," भाऊ डोक्यावर टिचकी मारून म्हणाले. "अजून उतरला नाई. माह्या घरातलं सुतक संपलंच नाई, समज."

"मंग लोकाईले खरं काऊन नाई सांगत? मामा कायले मारता?"

"सांगत होतो न पह्यले. 'चाई हाय, केस गेले' असंच सांगत होतो. मंग माहीत हाय टिकीट कसं घेत?" त्याईनं दोन बोटांच्या नखानं हवेतलं टिकीट उचललं, जसं काई मेलेला उंदीर. "अन् जाऊन हात धूत. पण 'मामा गेला' म्हटलं का हात आत येते. पाह्यलं न तू? आत येते हात."

 

त्याईची बायको होती. मूल गावाच्या बाजूची. थे मले बुढीनं सांगतलं, झिंगे निवडता निवडता. केस गेल्यावरही वर्षभर राह्यली थे, नांदली. मंग तिच्या भावाचं लगन निघालं. असा भुंडा माणूस मांडवात कसा न्यावा? असगुन दिसते. तं बुढीनंच युगत काढली. सकाळी पोराले समोर बसवलं अन् काजळानं भिवया काढून देल्या. मिशीही काढली, बारीक. "लय चांगला दिसे रे," बुढी म्हणे. "जसा पह्यले होता तसा."

अन् लगन वैशाखाचं! भर दुपारचं! नवरदेवाच्या मांगं उभे राहून भाऊ अक्षता टाकून राह्यले अन् घाम निघाला. काजळ उतरलं. डोळ्यात गेलं, गालावरून खाली वाहत आलं, पांढऱ्या सदऱ्यावर काळे ओघळ. पोट्टे हसाले लागले. मंग बायाही. कोण्या बुढीनं म्हटलं, लगनाच्या घरी रडून कोण राह्यलं रे? सासरे आले, दंड धरला अन् मांडवाच्या मांगं, जिथी भांडे घासून राह्यले होते, तिथी नेऊन बसवलं. बायको त्या लगनाहून वापस आलीच नाई.

"मी काजळ जाड लावलं," बुढी म्हणे. "बारीक लावाले पायजे होतं."

एवढंच म्हणे अन् झिंगे निवडे.

माह्यासमोरच एक डाव भाऊनं अहेरीच्या बाजारातून अस्वलाची चरबी आणली. इकणारा म्हणे, अस्वलाले पाहा, अंगावर कुठी जागा मोकळी हाय का? भाऊनं थे डोक्याले, भिवयाले, ओठावर चोपडली. वास असा का खिडकीसमोरची लाइन आपोआप झाडाखाली जाऊन उभी राहे! मी नाकाले रुमाल बांधून बसो. ड्रायव्हर म्हणे, भाऊ, आज मामा नाई, मामाची बकरी मेली वाटते, अन् तुमच्याच खिशात हाय. घरी मी बाहेर अंगणात जेवलो. बुढी मात्र लेकाच्या मांडीले मांडी लावून बसली, जेवली, अन् म्हणे, "मले तं काई वास नाई येऊन राह्यला."

पण ही एवढी खटपट कायसाठी, थे मले एका शनवारी कळलं. तेल लावता लावता बुढी गंमतीनं म्हणाली, "सारेच नेले रे तुह्या बापानं. लालची बुढा! माह्यासाठी चार ठेवले असते तं. मले काय देशील तू दहाव्याले?"

बुढी हसली. मीही हसलो. भाऊ हसले नाई. स्टँडवर जाताना रस्त्यात एकदम थांबले.

"खरंच बे. काय देऊ मी?"

"भाऊ, बुढीनं गंमत केली."

"केस देल्ल्याबिगर जीव मोकळा होत नाई म्हणतेत. लेकाचेच लागते. मी एकटाच हाओ तिले." मंग चालाले लागले. "तिच्या आंधी थोडे आले पायजे. मुठभर. मंग जावो सारे, मले नाई पायजे."

त्या दिवशी मले दुसरी गोष्ट ध्यानात आली. स्टँडवर ड्रायव्हर चहा घेऊन बाजूलेच उभा होता, तरी मी विचारलंच, "भाऊ, तुमी सगळे मारले. मामा, मावश्या, साळे, चुलते. पण मायले कधी नाई मारलं."

"माय राखीव हाय," भाऊ म्हणाले. "जंगलात राखीव राह्यते न, तसं. तिथी कुऱ्हाड नाई लावाची."

थंडीत बुढीले ताप आला. वैद्य आला, काढा देल्ला, बुढी काई उठेना. शनवार आला तं म्हणे, तेल आण. हात उचलत नवता. भाऊ खाली वाकले, डोकं तिच्या हाताखाली नेलं. तिनं बोट फिरवलं, थांबवलं. मी दारातच होतो.

"आले रे," बुढी म्हणाली. "इथी. अन् इथी. आले न रे?"

"हो माय. आले."

"मंग चालते," बुढी म्हणाली. जशी एखादी बाई बाजाराले निघताना म्हणते न, सारं घेतलं, चालते. दुसऱ्या दिवशी गेली.

दहावा वैनगंगेवर, मार्कंड्याच्या घाटाले. आरमोरीहून भाऊचा चुलतभाऊ आला होता, संग त्याचा जवान पोरगा, डोक्यावर केसाचं असं जंगल! नातेवाईकाईनं आंधीच ठरवून टाकलं होतं. जो म्होरक्या बुढा होता तो म्हणे, "हा पोरगा देईन केस. नातूच लागते न बुढीचा."

"अन् मी काय मेलो?" भाऊ म्हणाले.

"मेला नाई रे. पण तू देशील काय? नाई त्याचं काय देशील?"

"मी बसतो न्हाव्यासमोर. थे मले पाहू द्या."

"बस बाप्पा. कोण नाई म्हणते."

दोघंही बसले, नदीकडं तोंड करून. पोराच्या डोक्यावरून एक न्हावी वस्तरा फिरवे तं खर्र, खर्र आवाज ये, काळ्या केसाचे गठ्ठे मांडीवर पडत. भाऊच्या डोक्यावर दुसऱ्यानं पाणी लावलं अन् वस्तरा ठेवला. काईच आवाज नाई. काचेवरून बोट फिरवावं तसं. सारे नातेवाईक गप्प बसून तेच आयकून राह्यले होते, एका बाजूनं खर्र खर्र, अन् दुसऱ्या बाजूनं काईच नाई.

"जोरानं," भाऊ म्हणाले.

"भाऊ, कातडं हाय नुसतं."

"जोरानं फिरव न. आवाज आला पायजे."

न्हाव्यानं माह्याकडं पाह्यलं. मी काय करू? त्यानं दाबला वस्तरा, अन् घसरला. कानाच्या वर चिरलं. रक्त मानेवरून खाली आलं. न्हाव्यानं वस्तरा वाळूत फेकला अन् हात जोडले, "मले नाई जमत भाऊ. पाया पडतो."

म्होरक्या बुढा उठला. पोराचे केस पळसाच्या पानावर ठेवले अन् नदीत सोडले. भाऊ रुमाल कानावर दाबून पाहत राह्यले. पान वळणाआड गेलं तवा म्हणाले, "चांगले होते पोट्ट्याचे केस. दाट होते."

तेरवी झाली अन् भाऊ खिडकीत येऊन बसले. चामोर्शीतल्या लोकाईले माहीत होतं, थे येऊन गेले होते घरी. पण रस्त्यावरच्याईले काय माहीत? गडचिरोलीची गाडी आली. ड्रायव्हर महिनाभर चिमूरच्या लाइनवर होता, त्या दिवशी वापस आलेला. खुशीत! चहा घेऊन खिडकीजवळ उभा राह्यला. लाइनमध्ये एक बाई होती, आष्टीची, काखेत टोपली. पैसे ठेवले, वाकून पाह्यलं, कानावरचा खपल्या धरलेला घाव पाह्यला, अन् तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"कोण गेलं गा भाऊ?"

भाऊ गप्प. मी त्याईले कधी त्या सवालावर गप्प पाह्यलं नवतं. टिकीट हातातच. 

"माय," भाऊ म्हणाले. एवढंच. डोंगा नाई, वाघ नाई, काईच नाई.

"आई गं," बाई म्हणाली अन् तिचा हात आत आला.

अन् ड्रायव्हरनं बोनटवर थाप मारली! त्याले राहावलंच नाई. "आज मायले मारलं का भाऊ! राखीवच कापलं! अवं बाई, ह्या माणसाचे सात मामा मेले आतापर्यंत अन् याले मामा एकही नाई! रोजचंच हाय याचं!" लाइनमधले दोघं-तिघं नेहमीचे होते, थेही हसले.

बाईचा हात तिथूनच वापस गेला. तिनं भाऊकडं असं पाह्यलं, असं पाह्यलं!

"जित्या मायले मारते? दोन घडीच्या गमतीसाठी? जीभ कशी झडत नाई रे तुही!"

मी उठलोच होतो. तोंडात शब्द होता. भाऊनं टेबलाखालून माहा पाय आपल्या पायानं दाबला, जोरानं.

"खरं हाय बाई," भाऊ म्हणाले. "असं बोलू नाई. घ्या टिकीट."

बाईनं टिकीट घेतलं. नखानं.

गाडी भरली. ड्रायव्हर वर चढला, आरशाकडं पाहून ओरडला, "भाऊ, आरसा फिरवाचा राह्यला न!" भाऊ उठले नाई. गाडी गेली, धूळ खाली बसली.

मंग आलापल्लीच्या गाडीसाठी एक बुढा आला, एकटाच, परमुलखातला, धोतर गुडघ्यापर्यंत. पैसे पुढं केले, आत पाह्यलं.

"कोण गेलं गा भाऊ?"

"मामा," भाऊ म्हणाले. "शिरोंच्याचा."

"अरेरे." बुढ्यानं हात आत घातला अन् भाऊच्या मनगटावर ठेवला. भाऊनं आपला दुसरा हात त्याच्यावर ठेवला. बुढा थोड्या वेळानं हात सोडवाले गेला, पण भाऊ सोडेचनात.

"लय जीव होता वाटते मामाचा तुह्यावर?"

"हो," भाऊ म्हणाले. "दर शनवारी डोक्याले तेल लावून देत होता."